मार्टिन हॅरिस

मार्टिन हॅरिस (१८ मे १७८३ – १० जुलै १८७५) हे अमेरिकेच्या न्यूयॉर्क राज्यातील एक सधन शेतकरी आणि मॉर्मन पंथाच्या अगदी सुरुवातीच्या अनुयायांपैकी एक होते. पंथाचे संस्थापक जोसेफ स्मिथ यांना त्यांनी मोठे आर्थिक साहाय्य केले. ‘बुक ऑफ मॉर्मन’ या पंथाच्या धर्मग्रंथाची पहिली आवृत्ती छापण्यासाठी त्यांनी स्वतःचे शेत गहाण टाकले. ज्या सुवर्णपटांवरून हा ग्रंथ भाषांतरित झाला असे अनुयायी मानतात, ते पट देवदूताने आपल्याला दाखविले अशी ग्वाही देणाऱ्या ‘तीन साक्षीदारां’मध्ये ऑलिव्हर काउडरी आणि डेव्हिड व्हिटमर यांच्यासह हॅरिस यांचा समावेश होतो. ही ग्वाही ग्रंथाच्या आवृत्त्यांमध्ये आजही छापली जाते.

धार्मिक श्रद्धेला भौतिक पुराव्याची आवश्यकता असते का, या प्रश्नाच्या चर्चेत हॅरिस यांच्या चरित्राचा उल्लेख वारंवार होतो. विश्वास ठेवण्यापूर्वी त्यांनी अनेक वेळा पुरावा मागितला, आणि पुढे त्यांची स्वतःची साक्षच इतरांसाठी पुरावा ठरली.

प्रारंभीचे जीवन

हॅरिस यांचा जन्म न्यूयॉर्क राज्यातील ईस्टन येथे झाला. ते सुमारे दहा वर्षांचे असताना त्यांचे कुटुंब राज्याच्या पश्चिम भागातील पाल्मायरा येथे स्थायिक झाले. १८०८ मध्ये त्यांनी आपली चुलत बहीण लुसी हॅरिस हिच्याशी विवाह केला. १८१२ साली सुरू झालेल्या अमेरिका-ब्रिटन युद्धात त्यांनी स्थानिक सैन्यदलात सेवा केली. सुमारे ३२० एकर जमिनीचे मालक असलेले हॅरिस कष्टाळू व व्यवहारात प्रामाणिक म्हणून परिसरात ओळखले जात. मात्र धर्माच्या बाबतीत ते चंचल आणि भोळे आहेत, असे त्यांच्या काही शेजाऱ्यांचे मत होते.

त्या काळी पश्चिम न्यूयॉर्कमध्ये धार्मिक पुनरुज्जीवनाची लाट होती. मेथडिस्ट, बाप्टिस्ट, प्रेस्बिटेरियन असे अनेक पंथ अनुयायी मिळविण्यासाठी स्पर्धा करीत होते. त्याच परिसरात जादूचे खडे, पुरलेले धन आणि स्वप्नदृष्टान्त यांवर विश्वास ठेवणारी लोकपरंपराही जिवंत होती. हॅरिस यांची जडणघडण या दोन्ही प्रवाहांच्या सान्निध्यात झाली.

सुवर्णपटांचा दावा

पाल्मायराजवळ राहणाऱ्या स्मिथ कुटुंबाशी हॅरिस यांचा परिचय होता. या कुटुंबातील जोसेफ स्मिथ या तरुणाने असे सांगितले की, मोरोनी नावाच्या देवदूताच्या मार्गदर्शनानुसार २२ सप्टेंबर १८२७ रोजी आपल्याला जवळच्या टेकडीतून सोन्यासारख्या धातूचे कोरीव पट मिळाले. भारतातील ताम्रपटांप्रमाणे या पटांवर अक्षरे कोरलेली असून त्यांत अमेरिकेतील प्राचीन लोकांचा इतिहास आहे, असा त्यांचा दावा होता. हे पट इतर कोणालाही दाखवू नयेत अशी देवदूताची आज्ञा असल्याचेही त्यांनी सांगितले. त्यामुळे पट कापडात गुंडाळून किंवा पेटीत बंद करून ठेवले जात.

हॅरिस यांच्यापुढे यातून एक अडचण उभी राहिली. सर्व दावा एका वस्तूवर आधारलेला होता, परंतु ती वस्तू पाहण्यास मनाई होती.

पडताळणीचे प्रयत्न

हॅरिस यांनी १८५९ मध्ये जोएल टिफनी या नियतकालिकाच्या संपादकाला दिलेल्या मुलाखतीत आपल्या चौकशीचे सविस्तर वर्णन केले आहे. त्यानुसार त्यांनी प्रथम स्मिथ कुटुंबातील व्यक्तींना स्वतंत्रपणे प्रश्न विचारले आणि त्यांच्या सांगण्यात मेळ आहे का हे पाहिले. नंतर त्यांनी पट ठेवलेली पेटी उचलून वजनाचा अंदाज घेतला. हे वजन ४० ते ५० पौंड असावे, असे त्यांना वाटले. एवढी जड वस्तू सोन्याची किंवा शिशाचीच असणार, आणि इतके शिसे विकत घेण्याइतकी स्मिथ यांची बाजारात पत नाही, असा तर्क त्यांनी केला. हा तर्क व्यवहारी शेतकऱ्याला साजेसा होता; तथापि पेटीत वजनदार काहीतरी आहे, यापलीकडे त्यातून काही सिद्ध होत नव्हते.

पुढे लेखनिक म्हणून काम करीत असतानाही त्यांनी एकदा परीक्षा घेतल्याचे सांगितले जाते. भाषांतर करताना स्मिथ टोपीत एक खडा ठेवून त्यात पाहत आणि मजकूर सांगत. हॅरिस यांनी तो खडा काढून त्याच्या जागी तसाच दिसणारा दुसरा दगड ठेवला. तेव्हा स्मिथ यांना काहीच दिसेना, असे हॅरिस यांनी पुढे एका सहकाऱ्याला सांगितले. हॅरिस यांना हा खात्रीचा पुरावा वाटला. संशयवादी अभ्यासकांच्या मते मात्र, बदललेला दगड हाताला वेगळा लागणे स्वाभाविक होते.

न्यूयॉर्क शहरातील भेट

फेब्रुवारी १८२८ मध्ये हॅरिस यांनी पटांवरून उतरवून घेतल्याचे सांगितलेली काही अक्षरे सोबत घेतली आणि ते न्यूयॉर्क शहरात गेले. तेथे त्यांनी सॅम्युएल मिचिल आणि कोलंबिया कॉलेजातील अभिजात भाषांचे अध्यापक चार्ल्स अँथन यांची भेट घेतली.

या भेटीचे परस्परविरोधी वृत्तान्त उपलब्ध आहेत. हॅरिस यांच्या म्हणण्यानुसार, अँथन यांनी अक्षरे खरी असल्याचे लेखी प्रमाणपत्र दिले; परंतु पट देवदूताकडून मिळाल्याचे समजताच ते परत घेऊन फाडून टाकले. अँथन यांनी १८३४ आणि १८४१ मध्ये लिहिलेल्या दोन पत्रांत हे नाकारले. तो कागद निरनिराळ्या लिप्यांतील चिन्हांची सरमिसळ होता आणि आपण या शेतकऱ्याला फसवणुकीपासून सावध केले होते, असे त्यांनी कळविले. मात्र अँथन यांच्या दोन पत्रांतही एकवाक्यता नाही. पहिल्या पत्रात त्यांनी लेखी मत देण्यास नकार दिल्याचे म्हटले आहे, तर दुसऱ्यात ते दिल्याचे मान्य केले आहे.

प्राचीन इजिप्तच्या लिपीचा उलगडा शाँपोल्यों यांनी १८२२ मध्ये फ्रान्समध्ये जाहीर केला होता. १८२८ मध्ये अमेरिकेत ती लिपी वाचू शकणारे तज्ज्ञ जवळजवळ नव्हते. त्यामुळे अँथन यांनी अनुकूल मत दिले असते, तरी भाषांतराच्या अचूकतेचा तो निर्णायक पुरावा ठरला नसता. हॅरिस मात्र या भेटीनंतर अधिकच निश्चयी होऊन परतले. विद्वानाला मोहोरबंद पुस्तक वाचता येत नाही, अशा आशयाचे भाकीत बायबलमधील यशयाच्या ग्रंथात आहे. हे भाकीत या भेटीत पूर्ण झाले, असा अर्थ अनुयायांनी पुढे लावला. अशा रीतीने तज्ज्ञाचा नकारही श्रद्धेच्या बाजूने मोजला गेला.

हरवलेली ११६ पाने

एप्रिल ते जून १८२८ या काळात पेनसिल्व्हेनियातील हार्मनी येथे हॅरिस यांनी स्मिथ यांचे लेखनिक म्हणून काम केले. हस्तलिखिताची ११६ पाने तयार झाल्यावर, ती पत्नीला दाखविण्यासाठी घरी नेण्याची परवानगी त्यांनी मागितली. लुसी हॅरिस यांना पतीच्या या उद्योगाविषयी तीव्र शंका होती आणि त्यांचे समाधान होईल असे काहीतरी हॅरिस यांना हाती हवे होते. स्मिथ यांनी दोनदा नकार दिला. तिसऱ्या विनंतीनंतर, कुटुंबातील ठरावीक पाच व्यक्तींनाच पाने दाखविण्याच्या अटीवर त्यांनी ती दिली.

हॅरिस यांनी ही अट पाळली नाही आणि काही आठवड्यांतच पाने नाहीशी झाली. लुसी यांनी ती लपविली किंवा जाळली असा संशय अनेकांनी व्यक्त केला. पण तो सिद्ध झालेला नाही. ही पाने आजतागायत सापडलेली नाहीत.

या घटनेमुळे ग्रंथाची कसोटी पाहण्याची एक संधी निर्माण झाली होती. स्मिथ यांनी तोच मजकूर पुन्हा सांगितला असता आणि मूळ पाने सापडली असती, तर दोन्ही पाठांची तुलना शक्य होती. परंतु स्मिथ यांना मिळालेल्या प्रकटीकरणानुसार, पाने चोरणारे त्यांतील शब्द बदलून भाषांतर खोटे ठरवू पाहत होते. म्हणून तो भाग पुन्हा भाषांतरित न करता, त्याच काळाचा वृत्तान्त असलेल्या दुसऱ्या पटांचे भाषांतर करण्यात आले. अनुयायांना यात ईश्वराची पूर्वयोजना दिसते, तर टीकाकारांना अडचणीतून काढलेली पळवाट.

लुसी हॅरिस

लुसी हॅरिस यांच्याविषयीची बहुतेक माहिती स्मिथ यांच्या मातोश्रींच्या आठवणींतून येते. त्या आठवणींत लुसी यांचे चित्र प्रतिकूल आहे, त्यामुळे ही माहिती सावधपणे वापरावी लागते. त्यानुसार लुसी यांनी हार्मनी येथे जाऊन पटांचा शोध घेतला, परंतु त्यांना काही आढळले नाही. १८२९ मध्ये त्यांनी स्मिथ यांच्याविरुद्ध फसवणुकीची तक्रार केली. हॅरिस यांच्या साक्षीनंतर ती फेटाळली गेली. कुटुंबाची जमीन ज्या वस्तूसाठी पणाला लागत होती, ती वस्तू आपल्याला पाहता आली पाहिजे, ही त्यांची भूमिका होती. पती-पत्नी पुढे विभक्त झाले आणि १८३६ मध्ये लुसी यांचे निधन झाले.

तीन साक्षीदार

मार्च १८२९ मध्ये हॅरिस यांनी पुन्हा पुराव्याची मागणी केली. त्याला उत्तर म्हणून स्मिथ यांनी सांगितलेले प्रकटीकरण पंथाच्या ‘सिद्धान्त आणि करार’ या ग्रंथात समाविष्ट आहे. जे लोक ईश्वराच्या शब्दावर विश्वास ठेवत नाहीत, त्यांना या सर्व वस्तू दाखविल्या तरी ते विश्वास ठेवणार नाहीत, असा त्याचा आशय आहे. तथापि त्याच प्रकटीकरणात तीन साक्षीदारांना पट दिसतील आणि हॅरिस नम्र झाल्यास त्यांनाही ते दिसू शकतील, असे आश्वासन देण्यात आले. म्हणजे पुराव्याची मागणी पूर्णपणे नाकारली गेली नाही. तिचा क्रम बदलला गेला. आधी पाहून मग विश्वास ठेवण्याऐवजी, आधी विश्वास ठेवून मग पाहण्याची अट आली.

जून १८२९ मध्ये फेयेट येथील व्हिटमर कुटुंबाच्या शेताजवळ स्मिथ, काउडरी, व्हिटमर आणि हॅरिस प्रार्थनेसाठी जमले. दोनदा प्रार्थना करूनही काही घडले नाही. आपल्यामुळेच अडथळा येत आहे असे वाटून हॅरिस बाजूला गेले. त्यानंतर देवदूताने इतरांना पट दाखविले आणि नंतर स्मिथ यांनी हॅरिस यांच्यासोबत वेगळी प्रार्थना केली असता त्यांनाही तोच दृष्टान्त झाला, असे स्मिथ यांच्या इतिहासात नोंदविले आहे.

याच सुमारास आणखी आठ पुरुषांनी, स्मिथ यांनी पट दाखविले आणि आपण ते हाताळले, अशी स्वतंत्र ग्वाही दिली. या आठ जणांच्या निवेदनात देवदूताचा उल्लेख नाही. एक साक्ष दिव्य दर्शनाची आणि दुसरी डोळ्यांनी व हातांनी घेतलेल्या अनुभवाची, असे दोन प्रकारचे पुरावे ग्रंथासोबत जोडले गेले. भाषांतर पूर्ण झाल्यावर पट देवदूताकडे परत गेले, असे स्मिथ यांनी सांगितले. त्यामुळे वस्तूऐवजी ती पाहिल्याची साक्ष एवढेच मागे उरले.

छपाई आणि आर्थिक हानी

पाल्मायरा येथील मुद्रक एग्बर्ट ग्रँडिन यांनी पाच हजार प्रतींसाठी ३,००० डॉलर मागितले आणि आगाऊ हमीशिवाय काम सुरू करण्यास नकार दिला. २५ ऑगस्ट १८२९ रोजी हॅरिस यांनी आपले शेत गहाण ठेवून ही हमी दिली. मार्च १८३० मध्ये ग्रंथ विक्रीस आला, पण अपेक्षित खप झाला नाही. शेवटी १८३१ मध्ये हॅरिस यांना १५१ एकर जमीन विकून कर्ज फेडावे लागले. जमीन, संसार आणि गावातील प्रतिष्ठा या तिन्हींची किंमत त्यांनी मोजली. त्यांची साक्ष विश्वासार्ह मानणारे अभ्यासक या त्यागावर भर देतात. इतर अभ्यासकांच्या मते त्यागावरून माणसाची निष्ठा कळते, दाव्याची सत्यता नव्हे.

कर्टलंड आणि चर्चशी फारकत

६ एप्रिल १८३० रोजी चर्चची स्थापना झाली आणि त्याच दिवशी हॅरिस यांचा बाप्तिस्मा झाला. पुढील वर्षी ते ओहायो राज्यातील कर्टलंड येथे गेले. फेब्रुवारी १८३५ मध्ये तीन साक्षीदारांनी बारा प्रेषितांच्या पहिल्या मंडळाची निवड केली. नोव्हेंबर १८३६ मध्ये हॅरिस यांनी ब्रिगहॅम यंग यांची पुतणी कॅरोलाइन यंग हिच्याशी दुसरा विवाह केला.

१८३७ मध्ये चर्चच्या नेत्यांनी काढलेली कर्टलंड सेफ्टी सोसायटी ही पतसंस्था बुडाली आणि अनेक सदस्यांचा स्मिथ यांच्यावरील विश्वास उडाला. हॅरिस असंतुष्ट गटात गेले व डिसेंबर १८३७ मध्ये त्यांना चर्चमधून बहिष्कृत करण्यात आले.

दर्शनाच्या स्वरूपाविषयीचा वाद

हॅरिस यांनी पट नेमके कसे पाहिले, हा त्यांच्या चरित्रातील सर्वाधिक चर्चेचा विषय आहे. त्याचा मुख्य आधार म्हणजे स्टीफन बर्नेट या असंतुष्ट सदस्याने १५ एप्रिल १८३८ रोजी लिहिलेले पत्र. आपण पट शारीरिक डोळ्यांनी कधीच पाहिले नाहीत, ते केवळ दृष्टान्तात दिसले, असे हॅरिस यांनी जाहीर सभेत म्हटल्याचे बर्नेट यांनी लिहिले. एरवी पेटीत किंवा कापडात झाकलेले पट आपण अनेकदा उचलले होते, असेही हॅरिस यांनी सांगितल्याचे त्यात नमूद आहे. ग्रंथाची छपाई करताना अक्षरजुळणी करणारे जॉन गिल्बर्ट यांनीही हॅरिस यांनी आध्यात्मिक डोळ्यांनी पाहिल्याचे सांगितले, अशी आठवण पुढे नोंदविली.

परंतु बर्नेट यांच्या त्याच पत्रात, ग्रंथ नाकारणाऱ्यांबद्दल हॅरिस यांनी खेद व्यक्त केला आणि तो खरा असल्याचे आपल्याला ठाऊक आहे असे ठामपणे सांगितले, अशीही नोंद आहे. त्या वेळी ते बहिष्कृत होते आणि सभेतील बहुतेक जण स्मिथ यांचे विरोधक होते. साक्ष मागे घेण्यास ती अनुकूल जागा होती; तरीही त्यांनी ती मागे घेतली नाही. उतारवयातील अनेक मुलाखतींत तर त्यांनी पट व देवदूत प्रत्यक्ष पाहिल्याचे निःसंदिग्धपणे सांगितले.

रिचर्ड लॉइड अँडरसन यांच्यासारखे श्रद्धावान इतिहासकार या सातत्याला महत्त्व देतात. डॅन व्होगल यांच्यासारखे अभ्यासक हा अनुभव दृष्टान्ताच्या स्वरूपाचा होता असे मानतात. हॅरिस यांच्या दृष्टीने मात्र आध्यात्मिक दर्शन आणि प्रत्यक्ष दर्शन यांत आधुनिक वाचकाला वाटते तितके अंतर नसावे. बायबलच्या भाषेत वाढलेल्या त्या पिढीसाठी दृष्टान्त हा वस्तुस्थितीपेक्षा कमी खरा नव्हता.

अन्य गटांशी संबंध

१८४४ मध्ये स्मिथ यांची हत्या झाल्यावर अनुयायांत फूट पडली. बहुसंख्य लोक ब्रिगहॅम यंग यांच्यासह युटाकडे गेले. हॅरिस कर्टलंडमध्येच राहिले आणि वेगवेगळ्या गटांत वावरले. शेकर पंथानेही त्यांना काही काळ आकर्षित केले. १८४६ मध्ये त्यांनी जेम्स स्ट्रँग यांच्या गटाच्या वतीने इंग्लंडचा दौरा केला. तथापि ही साथ फार टिकली नाही.

स्ट्रँग यांचे उदाहरण या संदर्भात उद्बोधक आहे. त्यांनीही १८४५ मध्ये विस्कॉन्सिनमधील व्होरी येथे जमिनीतून पितळी पट मिळाल्याचे जाहीर केले. हे पट साक्षीदारांनी स्वतः खणून काढले होते आणि ते लोकांना पाहण्यासही मिळत. दाखविता येईल अशी वस्तू हाती असूनही स्ट्रँग यांचा पंथ अत्यंत लहान राहिला, तर पट दाखविता न येणारा पंथ वाढत गेला.

हॅरिस यांनी अनेक गट बदलले, पण प्रत्येक ठिकाणी मॉर्मन ग्रंथाविषयीची साक्ष ते देत राहिले. या काळात ते कर्टलंड मंदिराची देखभाल करीत व येणाऱ्यांना ते दाखवीत. १८५६ मध्ये कॅरोलाइन मुलांसह युटाला निघून गेल्या आणि हॅरिस एकाकी व विपन्नावस्थेत राहिले.

अखेरची वर्षे

१८७० मध्ये एडवर्ड स्टीव्हन्सन यांच्या प्रयत्नांमुळे ८७ वर्षांचे हॅरिस रेल्वेने युटाला गेले. ३० ऑगस्ट रोजी ते सॉल्ट लेक सिटीत पोहोचले आणि १७ सप्टेंबरला त्यांचा पुन्हा बाप्तिस्मा झाला. उरलेली वर्षे त्यांनी मुलाच्या कुटुंबासह काढली. १० जुलै १८७५ रोजी क्लार्कस्टन येथे त्यांचे निधन झाले. क्लार्कस्टन येथे त्यांच्या जीवनावर आधारित नाट्यप्रयोग १९८३ पासून अनेक वर्षे सादर होत असे.

बनावट पत्राचे प्रकरण

मृत्यूनंतर शतकभराने हॅरिस यांचे नाव पुन्हा गाजले. १९८० मध्ये युटातील मार्क हॉफमन याने अँथन यांना दाखविलेला मूळ कागद सापडल्याचे सांगितले. १९८४ मध्ये हॅरिस यांनी १८३० साली लिहिल्याचे भासविलेले एक पत्र त्याने विकले. या पत्रात पटांचे रक्षण देवदूताऐवजी पांढरा सॅलॅमँडर हा प्राणी करीत असल्याचे म्हटले होते. काही तज्ज्ञांनी ही कागदपत्रे अस्सल ठरविली आणि अनेक इतिहासकारांनी त्यांच्या आधारे नवी मांडणी सुरू केली. आपले व्यवहार उघडकीस येण्याच्या भीतीने हॉफमनने ऑक्टोबर १९८५ मध्ये बॉम्बस्फोट घडवून दोन व्यक्तींची हत्या केली. तपासात कागदपत्रे बनावट ठरली आणि १९८७ मध्ये त्याला कारावासाची शिक्षा झाली. कागद आणि शाई या स्वरूपातील पुरावाही फसवू शकतो, हे या प्रकरणाने श्रद्धावंतांना व संशयवाद्यांना सारखेच दाखवून दिले.

मूल्यमापन

मॉर्मन ग्रंथात वर्णिलेल्या संस्कृतींना मुख्य प्रवाहातील पुरातत्त्वशास्त्राने दुजोरा दिलेला नाही. अमेरिकेतील मूळ रहिवाशांचे पूर्वज प्रामुख्याने आशियातून आले, असे जनुकीय संशोधन दर्शविते. चर्चमधील विद्वान बी. एच. रॉबर्ट्स यांनी १९२० च्या दशकातच अशा अडचणींचा अभ्यास केला होता. त्यांचे लेखन १९८५ मध्ये प्रसिद्ध झाले. चर्चची अधिकृत भूमिका अशी आहे की, ग्रंथाच्या सत्यतेची खात्री वाचकाने प्रार्थनेद्वारे करून घ्यावी. पुरातत्त्वीय पुरावा हा त्याचा पाया नव्हे. तरीही ग्रंथाच्या प्रारंभी साक्षीदारांची निवेदने छापली जातात. यावरून पंथाने पुराव्याचा विचार पूर्णपणे बाजूला ठेवलेला नाही, हे स्पष्ट होते.

हॅरिस यांच्या चरित्रात हा ताण एकाच व्यक्तीच्या आयुष्यात दिसतो. त्यांनी वजन केले, साक्षी तपासल्या आणि तज्ज्ञांना विचारले. यांपैकी कोणताही पुरावा निर्णायक नव्हता, आणि प्रत्येकाचा अर्थ त्यांनी श्रद्धेच्या बाजूने लावला. नेत्यांवरील त्यांचा विश्वास डळमळला, त्यांनी गट बदलले. परंतु १८२९ मधील अनुभवाविषयीची त्यांची खात्री टिकून राहिली. त्या अनुभवाचे स्वरूप कोणते होते, याविषयी अभ्यासकांत आजही एकमत नाही.